श्रोणिवेदना : वैद्यकीय कारणांच्या शोधाचा इतिहास

श्रोणिवेदना : बाह्य व अंतःस्थ जननेंद्रिये, मूत्राशय, गुदाशय आणि त्यांना खालून आधार देणारी श्रोणितलाची स्नायुपटले यांत जाणवणाऱ्या वेदनांना उद्देशून वापरली जाणारी संज्ञा. श्रोणी म्हणजे कंबरेच्या हाडांचे कडे. या कड्याच्या पोकळीत मूत्रसंस्था, जननसंस्था व पचनसंस्था या तीन निरनिराळ्या संस्थांची इंद्रिये एकमेकांना लागून असतात आणि त्यांच्या संवेदना पुष्कळ अंशी त्याच त्या तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) मार्गाने मेरुरज्जूकडे जातात. त्यामुळे एका इंद्रियाचे दुखणे दुसऱ्याच ठिकाणी जाणवते. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याची कळ पुरुषास वृषणात व स्त्रीस भगोष्ठात येते; अंडाशयाचे दुखणे मांडीत उतरते; मोठ्या आतड्याच्या तक्रारी गर्भाशयाच्या समजल्या जातात. अचानक उद्‌भवणाऱ्या वेदनेस तीव्र व सर्वसाधारणपणे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस चिरकारी म्हणतात.

वेदना हे लक्षण होय, रोग नव्हे. तिच्या मुळाशी असलेला रोग ओळखण्यास शरीराच्या या भागाची तपासणी करावी लागते आणि नेमकी तीच गोष्ट लज्जा, सोवळेओवळे व वैद्याचे पुरुषत्व यांमुळे दीर्घकाळ अशक्यप्राय होती. या विषयाचा इतिहास म्हणूनच केवळ जंतू व उपकरणे यांच्या शोधांचा नाही. रुग्णाने, विशेषतः स्त्रीरुग्णाने, कोणास काय सांगावे व कोणी काय पाहावे या सामाजिक निर्बंधांचाही तो इतिहास आहे. महाराष्ट्रात त्याचे धागे जुन्नर, मुंबई, पुणे, गडचिरोली व बीड अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणी सापडतात.

लोकभाषेतील संज्ञा : बोलीभाषेत या वेदनांची नावे सूचक आहेत. ओटीपोटात कळ येणे, कंबर धरणे, अंगावर जाणे, धुपणी (श्वेतप्रदर), अंग बाहेर येणे (गर्भाशयभ्रंश), उन्हाळी लागणे (लघवीस जळजळ होणे), बद (जांघेतील गाठीची सूज), परमा (पूयप्रमेह), गरमी (उपदंश), अंतर्गळ, अंडवृद्धी, धातू जाणे हे शब्द शेतकरी कुटुंबांत रूढ आहेत. त्यांतील ‘अंग’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. स्त्रीच्या जननेंद्रियास वेगळे नाव न देता सगळ्या शरीराचेच नाव त्यास दिले जाते आणि ऐकणाराने काय ते समजून घ्यावे अशी अपेक्षा असते. कंबरदुखी म्हणून दवाखान्यात आलेल्या स्त्रीची मूळ तक्रार पुष्कळदा अंगावर जाण्याची असते, हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या वैद्यांच्या नित्य अनुभवातील आहे.

प्राचीन वैद्यक : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापद या नावाखाली स्त्रीजननेंद्रियाचे वीस विकार वर्णिले असून वातप्रकोपावाचून हे विकार होत नाहीत असे प्रतिपादन केले आहे. वात हाच वेदनेचा कारक मानलेला असल्यामुळे वेदना हे या सर्व वर्गीकरणाचे एक प्रमुख सूत्र ठरते. त्यांतील उदावर्तिनी या प्रकारात रज वर ढकलले जाऊन कष्टाने बाहेर पडते व स्राव होताच स्त्रीस आराम वाटतो, असे वर्णन आहे. आजच्या प्राथमिक कष्टार्तवाशी (पाळीच्या वेळच्या दुखण्याशी) त्याचे साम्य सहज दिसते. सुश्रुतसंहितेतील अश्मरीचे (मूत्राशयातील खड्याचे) विवेचन याहून अधिक प्रत्यक्षनिष्ठ आहे. नाभी, बस्ती, शिवण व शिश्न येथे वेदना, मूत्राची धार मध्येच थांबणे आणि धावताना वा उडी मारताना दुखणे वाढणे ही लक्षणे तीत दिली आहेत. औषधाने न विरघळणारा खडा काढण्यासाठी शिवणीच्या डाव्या बाजूस छेद घेण्याची रीत सांगितली असून ही शस्त्रक्रिया धोक्याची असल्याने राजाची अनुमती घेऊनच ती करावी असेही बजावले आहे. स्त्रीचे गर्भाशय मूत्राशयाच्या निकट असल्याने छेद वेगळ्या प्रकारे घ्यावा ही सूचना शरीररचनेच्या प्रत्यक्ष ज्ञानाची साक्ष देते. पुढील काळात शस्त्रकर्म शास्त्री वैद्यांच्या हातून सुटले व स्त्रियांची तपासणी सुईणींकडे राहिली. सुईणीचा हात कुशल असे. पण तिचे ज्ञान लिहिले गेले नाही आणि वैद्याचे लिहिलेले ज्ञान तिच्यापर्यंत गेले नाही.

जुन्नर येथील एक प्रसंग : पडद्याआडच्या रुग्णाची तपासणी कशी होत असे याचे एक तपशीलवार वर्णन जुन्नरसंबंधीचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर हा १६७५ साली जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून कल्याणमार्गे घाट चढून तेथे गेला. सुभेदाराच्या जनानखान्यातील एका स्त्रीवर उपचार करणे हे त्याचे काम होते. औषधोपचारास शुभ दिवस उजाडेपर्यंत त्याला खोळंबून राहावे लागले. त्यानंतर त्याला पडदे सोडलेल्या पलंगापाशी नेण्यात आले आणि पडद्याआडून आलेल्या हाताची नाडी पाहण्यास सांगण्यात आले. नाडी निरोगी असल्याचे त्याने सांगितले. तो हात एका धडधाकट दासीचा होता. वैद्याची परीक्षा घेण्यासाठी तो पुढे केला होता. मग खऱ्या रुग्णाचा हात त्याच्या हाती देण्यात आला. पुढे एका स्त्रीची शीर तोडून रक्त काढताना पडदा अकस्मात कोसळला व आतील स्त्रियांची तारांबळ उडाली, असेही त्याने नोंदविले आहे. त्याचा प्रवासवृत्तांत १६९८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. मौजेखातर सांगितल्या जाणाऱ्या या प्रसंगातील मुद्दा गंभीर आहे. मनगटापलीकडे रुग्णाचे शरीर पाहण्याची मुभा नसलेल्या वैद्यास श्रोणीतील कोणताही विकार ओळखणे शक्य नव्हते. हीच परिस्थिती पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ, केवळ मोगली जनानखान्यात नव्हे तर मराठी वाड्यांत व घरांतही, फारशी बदलली नाही.

एकोणिसावे शतक : मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये व पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. त्यांच्या आरंभीच्या काळात श्रोणिवेदनेचे रुग्ण म्हणून पुरुषच अधिक प्रमाणात पुढे येत. मूत्राशयातील खडे त्या काळी भारतात मुलांमध्येही सर्रास आढळत. केवळ धान्यावर पोसलेल्या, दूध कमी मिळणाऱ्या मुलांना ते अधिक होत असे नंतर दिसून आले. बिगेलो या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १८७८ मध्ये मूत्रमार्गातून उपकरण घालून खडा फोडण्याची व चुरा एकाच वेळी धुऊन काढण्याची पद्धत मांडली. इंदूर येथील रेसिडेन्सी रुग्णालयात कीगन यांनी ती लहान मुलांवर यशस्वी रीत्या केली आणि सुश्रुतकालापासून चालत आलेला शिवणीवरील छेद हळूहळू मागे पडला.

स्त्रियांची सक्तीची तपासणी मात्र भलत्याच हेतूने सुरू झाली. गोऱ्या सैनिकांतील गुप्तरोग आटोक्यात आणण्यासाठी १८६४ च्या छावणी कायद्यान्वये व १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये वेश्यांची नोंदणी, नियतकालिक तपासणी व रोग आढळल्यास ‘लॉक’ रुग्णालयात स्थानबद्धता अशी व्यवस्था करण्यात आली. तपासणी स्त्रीची होई. तिच्याकडे येणाऱ्या सैनिकास तशी सक्ती नसे. साहजिकच रोग हटला नाही. विरोधामुळे १८८८ मध्ये सांसर्गिक रोग कायदा रद्द झाला. योनिपरीक्षा म्हणजे बेअब्रू, ती वाईट चालीच्या बायांची होते, ही समजूत या व्यवस्थेने अधिक घट्ट केली असावी असे मानण्यास जागा आहे.

याच दशकात स्त्रीवैद्यांचा प्रश्न पुढे आला. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात हिंदू स्त्रियांना स्त्रीवैद्यांची गरज असल्याचे कारण सांगितले. फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. परंतु परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. मुंबईतील कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले व एडिथ पेची यांच्या नेतृत्वाखाली तेथे स्त्रियांवर स्त्रीवैद्यांकडूनच उपचार होऊ लागले. लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ मध्ये स्थापन झाला. रखमाबाई यांनी १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ काम केले. या सर्व सोयी शहरांपुरत्या होत्या. बेल्हे, ओतूर, घोडेगाव, मंचर यांसारख्या गावांतील स्त्रियांच्या दृष्टीने त्या असून नसल्यासारख्या होत्या.

जंतू व औषधे : नायसर यांनी १८७९ मध्ये पूयप्रमेहाचा, कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा आणि शाउडिन व होफमान यांनी १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू शोधून काढला. त्याच वर्षी मद्रास येथे डोनोव्हन यांनी जांघेतील कणार्बुदाच्या व्रणांत आढळणाऱ्या पिंडांचे वर्णन केले. पूयप्रमेहाचा जंतू गर्भाशयमुखातून वर चढून अंडवाहिन्यांत पू निर्माण करतो, त्या चिकटतात व पुढे वर्षानुवर्षे ओटीपोट दुखत राहते, शिवाय वंध्यत्व येते, हे कळल्यावर कुलीन स्त्रियांच्या कित्येक अनाकलनीय दुखण्यांचा उलगडा झाला. रोग पतीकडून आलेला असे आणि दोष मात्र पत्नीच्या पदरी पडे. क्षयरोगाचे जंतूही रक्तावाटे अंडवाहिन्यांत शिरून अशीच अवस्था निर्माण करतात. भारतात हे कारण विसरून चालत नाही.

सल्फा औषधे १९३० नंतरच्या दशकात व पेनिसिलीन १९४० नंतरच्या दशकात उपलब्ध झाले. पुणे जिल्ह्यातच पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन देशी पेनिसिलीन मिळू लागले. औषध स्वस्त झाले; तपासणीशिवाय ते टोचण्याची प्रथाही त्याबरोबरच रुजली. पुढे प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठी लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचविली. भारतात त्यासाठी रंगीत संच ठरविण्यात आले असून ओटीपोटातील दुखण्यासाठीचा संच पिवळा आहे. पुरुषांच्या मूत्रमार्गातून येणाऱ्या पुवाबाबत ही पद्धत चांगली उपयोगी पडते. स्त्रियांच्या श्वेतप्रदराबाबत मात्र लक्षण व प्रत्यक्ष संसर्ग यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

शस्त्रक्रिया : अंडवाहिनीत रुजलेला गर्भ फुटल्याने अचानक असह्य वेदना व अंतर्गत रक्तस्राव होतो. १८८३ मध्ये लॉसन टेट यांनी इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया करून अशा स्त्रीचे प्राण वाचविले, तोपर्यंत हे दुखणे बहुधा मरणाचेच मानले जाई. गर्भाशयभ्रंशाबाबत मुंबईच्या शल्यचिकित्सकांचे कार्य जगन्मान्य आहे. लवकर झालेली व पाठोपाठची बाळंतपणे आणि बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी यांमुळे आधारबंध सैल पडून गर्भाशय खाली सरकते. ओढ लागल्यासारखी कंबरदुखी, खाली जडपणा आणि लघवीची अडचण ही त्याची लक्षणे होत. गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी मांडीच्या प्रावरणीची पट्टी वापरून गर्भाशय मागील बाजूस त्रिकास्थीशी जखडण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयमुखास घालावयाचा त्यांच्या नावाचा टाका अधिक प्रसिद्ध असला, तरी श्रोणिवेदनेच्या इतिहासात पहिल्या शस्त्रक्रियेचे महत्त्व अधिक आहे. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून न टाकता ते जागेवर ठेवता येते, हा तिचा आशय होता. पुढे काय घडले ते पाहता हा आशय ग्रामीण शल्यचिकित्सेत पुरेसा उतरला नाही, असे म्हणणे भाग आहे.

पुरुषांतील कारणे : वृषणाकडे जाणारी रज्जू पिळली जाऊन रक्तपुरवठा तुटणे ही किशोरवयातील निकडीची अवस्था होय. सुमारे सहा तासांच्या आत ती सोडविली नाही, तर वृषण निकामी होण्याचा संभव असतो. मार लागला असेल म्हणून शेक देत रात्र काढणे अशा वेळी महागात पडते. अधिवृषणाचा शोथ (दाहयुक्त सूज), अंतर्गळ अडकणे व मूत्रवाहिनीतील खडा ही इतर तीव्र कारणे आहेत. डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगाने वृषणरज्जूची वारंवार सूज व अंडवृद्धी होते. लुईस यांनी कलकत्ता येथे १८७२ मध्ये मानवी रक्तात या रोगाचे सूक्ष्म कृमी दाखविले. राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ पासून सुरू झाला. महाराष्ट्रात विदर्भाच्या पूर्व भागात हा रोग विशेष आढळतो. जुन्नरसारख्या घाटमाथ्याच्या प्रदेशातील अंडवृद्धी बहुधा अन्य कारणांनी होते.

अष्ठीला ग्रंथीच्या दुखण्याचा इतिहास वेगळा आहे. शिवण, जांघ व शिश्नाग्र येथे मंद ठणका आणि वारंवार लघवी ही लक्षणे असलेल्या तरुण रुग्णांना वर्षानुवर्षे प्रतिजैव औषधे देण्यात येत. मीअर्स व स्टेमी यांनी १९६८ मध्ये लघवीचे टप्प्याटप्प्याने नमुने घेऊन तपासण्याची पद्धत मांडली, तेव्हा बहुसंख्य रुग्णांत जंतूच सापडत नाहीत असे स्पष्ट झाले. १९९५ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या वर्गीकरणात या अवस्थेस चिरकारी श्रोणिवेदनेचा लक्षणसमूह म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले. श्रोणितलाचे स्नायू सतत आखडलेले राहणे व तंत्रिकांची अतिसंवेदनशीलता ही तिची कारणे समजली जातात. मराठी मुलखात अशा तरुणास ‘धातू जाते’ असे सांगून भिंतीवरील जाहिरातींच्या तंबूवाल्याने लुबाडावे, हे जुने दृश्य अद्याप दिसेनासे झालेले नाही. धातुक्षयाच्या भीतीतून उद्‌भवणाऱ्या या मनोविकारास विग यांनी १९६० मध्ये नाव दिले. पण ज्याची वेदना खरोखर स्नायूंतून उठते, अशासही केवळ मनोरुग्ण ठरविणे ही उलट बाजूची चूक होय.

गडचिरोलीचे संशोधन : स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार गर्भारपण, बाळंतपण व कुटुंबनियोजन एवढ्यापुरताच होत असे. गर्भार नसलेल्या स्त्रीचे ओटीपोट का दुखते, हा प्रश्न कोणत्याच कार्यक्रमात बसत नव्हता. गडचिरोली जिल्ह्यात राणी बंग, अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी तो विचारला. वसा व अमिर्झा या दोन गावांतील १३ वर्षे व त्यावरील स्त्रियांना, तक्रार असो वा नसो, तपासणीसाठी बोलावण्यात आले. ६५० स्त्रियांची मुलाखत, योनिपरीक्षा व प्रयोगशाळेतील तपासण्या करण्यात आल्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग असल्याचे आढळले आणि दर स्त्रीमागे अशा रोगांची सरासरी संख्या ३·६ भरली. निम्मे रोग संसर्गजन्य होते. पूर्वी कधीतरी स्त्रीरोगांसाठी तपासणी होऊन उपचार मिळालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या आकड्यांचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. ज्या स्त्रिया रुग्णालयात आल्या त्यांच्यावरून काढलेले अनुमान व गावातील सर्व स्त्रियांची स्थिती यांतील अंतर त्यांनी प्रथमच मोजून दाखविले. शिवाय, तपासलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आपणास काही तक्रार नाही असे सांगितले होते. म्हणजे दुखणे हा बाईच्या जन्माचा भाग समजून त्यांनी ते तक्रारीत मोजलेच नव्हते, किंवा रोग वेदनेवाचून वाढत होता. या दोहोंतील भेद एका पाहणीने ठरविता येत नाही. सहभागाचे प्रमाण सुमारे ६० टक्के असल्यामुळे त्रास असणाऱ्या स्त्रियाच अधिक आल्या असाव्यात, असा आक्षेप घेण्यात आला व तो विचारार्ह आहे. तथापि तो मान्य करूनही रोगांचा भार मोठाच राहतो. कैरो येथील १९९४ च्या लोकसंख्या व विकास परिषदेत प्रजननस्वास्थ्याची व्यापक संकल्पना स्वीकारली गेली आणि भारतात १९९७ मध्ये प्रजनन व बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा या पाहणीचा आधार वारंवार घेतला गेला.

न दिसणारी कारणे : तपासणी करूनही हाताला काही लागत नाही अशा वेदनांत गर्भाशयांतःस्तर-विस्थापन हा विकार प्रमुख आहे. गर्भाशयाच्या आतील स्तरासारखे ऊतक अंडाशय, पर्युदर व आतडी यांवर वाढते व पाळीबरोबर तेथेही शोथ निर्माण होतो. सॅम्पसन यांनी १९२० नंतरच्या दशकात, पाळीचे रक्त अंडवाहिन्यांतून उलटे वाहून हे घडते, अशी उपपत्ती मांडली. पाळीच्या आधीपासून सुरू होणारे, वर्षागणिक वाढत जाणारे, समागमाच्या व शौचाच्या वेळी होणारे दुखणे ही त्याची खूण होय. फ्रान्समध्ये पामर व इंग्लंडमध्ये स्टेप्टो यांनी रूढ केलेल्या उदरदर्शकामुळे असे ऊतक डोळ्यांनी पाहता येऊ लागले. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने अंडाशयातील गाठी दिसतात, परंतु पर्युदरावरील बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे चित्रणात काही नाही म्हणजे रोग नाही, असे समजता येत नाही. मूत्राशयातील वेदनेचा जंतुविरहित प्रकार हनर यांनी १९१५ मध्ये वर्णिला. शिवणीकडील तंत्रिका दाबली गेल्याने बसताना वाढणारी जळजळ, भगप्रदेशी नुसत्या स्पर्शाने होणारी वेदना आणि जुन्या शस्त्रक्रियांतील बंध ही आणखी काही कारणे सांगता येतील. वेदना दीर्घकाळ टिकली म्हणजे मूळ कारण शमल्यानंतरही तंत्रिकातंत्र ती चालू ठेवते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाचे महत्त्वाचे फलित आहे. अशा रुग्णास स्नायू सैल करण्याचे व्यायाम, वेदनावाही तंत्रिकांवरील औषधे व समुपदेशन यांचा एकत्रित उपयोग होतो. शस्त्रक्रियेने होईलच असे नाही.

गर्भाशय काढण्याचा प्रश्न : बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते आणि कामावर न आल्यास ‘खाडा’ पडून पैसे कापले जातात. फडालगतच्या खोपटात पाणी व शौचकूप नसतो. मोळ्या डोक्यावरून वाहाव्या लागतात. श्वेतप्रदर, ओटीपोटातील कळा व पाळीचा त्रास यांवर अशा स्त्रीस गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला मिळे आणि पुन्हा खाडा नको म्हणून ती तो मानी. ऐन तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची वृत्ते आल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. खाजगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांसाठी शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीची अट जिल्ह्यात घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी देशभरातील अनावश्यक गर्भाशयोच्छेदनासंबंधी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश राज्यांना दिले.

मोठ्या गाठी, अनावर रक्तस्राव किंवा कर्करोग यांसाठी गर्भाशय काढणे योग्यच असते. परंतु संसर्ग, मूत्राशय, आतडी वा स्नायू यांपासून उद्‌भवणारी वेदना त्याने जात नाही. अंडाशयेही काढली गेल्यास अकाली रजोनिवृत्ती होऊन हाडे ठिसूळ होतात व नव्या कंबरदुखीची भर पडते. पडद्यामुळे तपासणीच न होण्याची जुनी अडचण आणि तपासणी टाळून थेट इंद्रियच काढण्याची नवी रीत यांत निदानाचा अभाव समान आहे.

बेल्हे परिसर : जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील बेल्हे हे बाजाराचे गाव आळेफाट्याच्या पूर्वेस कल्याण–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावर असून जेजुरीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. तालुक्याचा पश्चिम भाग घाटमाथ्याच्या पावसाचा व भातशेतीचा, तर हा भाग कमी पावसाचा आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे तालुक्यात ऊस व कांदा ही पिके वाढली. कांद्याची लागण, खुरपणी व काढणी ही वाकून करावयाची कामे मुख्यतः स्त्रियांकडे असतात. त्यामुळे येथील कंबरदुखीचे मूळ पाठीत की श्रोणीत, हे तपासल्यावाचून सांगता येत नाही. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. नारायणगाव व जुन्नर येथे ग्रामीण रुग्णालये, आंबेगाव तालुक्यात मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आणि अखेरीस पुण्याचे ससून रुग्णालय अशी शासकीय सोयींची चढती साखळी आहे. लघवीची तपासणी, गर्भधारणेची चाचणी व योनिपरीक्षा या तीन साध्या गोष्टी पहिल्याच पायरीवर होऊ शकतात व तीव्र वेदनेची बरीच कारणे त्यांनीच वेगळी काढता येतात. उदरदर्शकासारख्या तपासण्यांसाठी शहर गाठावे लागते. श्रोणितलाच्या स्नायूंचे व्यायाम शिकविणारे तज्ज्ञही मुख्यतः शहरांतच आहेत.

गर्भाशयमुखाचा कर्करोग श्रोणीतील तंत्रिकांपर्यंत पसरला म्हणजे होणारी वेदना या सर्वांत दुःसह असते, आणि ती सुरू होईपर्यंत रोग पुढच्या अवस्थेस गेलेला असतो. त्याविषयीचे मोठे संशोधनही महाराष्ट्रातच झाले आहे. तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांमधील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या पाहणीत, विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने पुढच्या अवस्थेतील कर्करोग व त्यामुळे होणारे मृत्यू यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. बार्शी येथील कर्करोग रुग्णालयाचा तीत सहभाग होता. मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसिटिक अम्ल लावून केलेल्या नुसत्या डोळ्यांच्या तपासणीने या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. या पाहणीतील सेविका डॉक्टर नव्हत्या; शालान्त शिक्षण झालेल्या स्त्रियांना त्यासाठी शिकविण्यात आले होते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करावयाची असून ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर अपेक्षित आहे. तपासणीस येणाऱ्या पुष्कळ स्त्रियांची ती आयुष्यातील पहिलीच योनिपरीक्षा असते, आणि धुपणी, अंग बाहेर येणे, जुने व्रण यांसारखी कारणे त्याच वेळी लक्षात येतात.